शिकवण्यांत हात अडकला आहे. स्वतःच्या रियाजासाठी वाट कशी काढावी?

प्रश्न : शुद्धकल्याणी (सांगली)

सर्वांना नमस्कार.

मी सांगलीत राहते, हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवते आणि गेली 11 वर्षे घरीच शिकवण्या घेते. सध्या माझ्याकडे 31 विद्यार्थी आहेत. बहुतेक जण दोघा-दोघांच्या जोडीने, आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास येतात. सोमवार ते शनिवार दुपारी 4 पासून रात्री 8:30 पर्यंत घर भरलेले असते. महिन्याचे शुल्क 1,200 रुपये आहे. कागदावर हा हिशेब 37,200 रुपयांचा होतो. पण मे महिन्यात मुले गावाला जातात, सहामाहीच्या वेळी पालक ‘या महिन्यात चारच तास झाले’ असे सांगून निम्मे शुल्क देतात, आणि वर्षाची सरासरी काढली तर हातात महिन्याला 29-30 हजारच पडतात. याखेरीज अमेरिकेतील मराठी कुटुंबांतली दोन मुले ऑनलाइन शिकतात. त्यांच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे 6 वाजलेले असतात, त्यामुळे आठवड्यातील चार सकाळी त्यांच्याच असतात. वर्षाला माझे 12 ते 15 कार्यक्रम होतात. त्यांत नवरात्र आणि दिवाळी पहाट धरून आठ-दहा साथीचे असतात, बाकीचे एकल वादनाचे.

मागच्या नवरात्रात जवळच्या एका गावी देवळात माझे एकल वादन होते. मी शुद्ध कल्याण घेतला. या रागात अवरोहात (स्वर उतरताना) पंचमावरून गांधारावर येताना तीव्र मध्यम मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यात, लपलेला असतो. तो ऐकू यावा, पण वेगळा उभा राहू नये, यातच त्या रागाचे सगळे सौंदर्य आहे. विलंबिताच्या (संथ लयीच्या) दुसऱ्या आवर्तनात मी ती मींड घेतली आणि अर्ध्या वाटेवरच गज (तारेवर ओढायची काठी) संपला. गज परतवावा लागला, तो नेमका तीव्र मध्यमावर परतला आणि तो स्वर उघडा पडला. श्रोत्यांपैकी फार जणांच्या ते लक्षात आले नसेल. तबल्यावर असलेल्या ज्येष्ठ कलावंतांनी मात्र एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. त्यानंतर तीच जागा मी तीनदा टाळली.

घरी आल्यावर मी घड्याळ लावून पाहिले. मोकळ्या तारेवरचा षड्ज एका गजात, आवाज न तुटता, मी पूर्वी 22 सेकंद धरू शकत असे. त्या दिवशी 12 सेकंद झाले. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. दिवसभर मी मुलांसमोर अलंकार (सरावाच्या स्वररचना) वाजवून दाखवते, ते त्यांना नीट ऐकू जावेत म्हणून गज दाबून, तुटक आणि मोठ्या आवाजात वाजवते. दर तासाची पहिली आठ-दहा मिनिटे त्यांची वाद्ये जुळवण्यात जातात. पावसाळ्यात खुंट्या फुगून जाम होतात, उन्हाळ्यात त्याच खुंट्या सैल होऊन सुटतात. रात्री साडेआठनंतर मी स्वतःचे व्हायोलिन उचलते तेव्हा कान थकलेले असतात आणि हात लहान झालेला असतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

शिकवणे मला मनापासून आवडते, म्हणून ‘शिकवण्या सोडा’ हा सल्ला मला नको आहे. माझे प्रश्न असे आहेत : विद्यार्थी कमी करावेत का, आणि केले तर घर कसे चालवावे? शुल्काची अशी पद्धत कोणी वापरते का, ज्यात कार्यक्रमासाठी चार दिवस सुटी घेतली तर पालकांशी घासाघीस करावी लागणार नाही? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, जे शिकवतात आणि वाजवतातही, ते स्वतःचा हात कसा राखतात?

उत्तर : मंद्रपंचम (पुणे)

ताई, नमस्कार. मी 36 वर्षे शिकवतो आहे आणि आकाशवाणीचा श्रेणीप्राप्त कलावंत आहे. तुम्ही घड्याळ लावून गज मोजला हे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण आपल्यापैकी बहुतेक जण ‘हल्ली रियाज होत नाही’ एवढेच म्हणतात आणि नेमके काय गेले आहे याचा शोध घेत नाहीत.

शिकवल्यामुळे वादन बिघडते असे मला सरसकट म्हणवत नाही. डॉ. एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केले, त्या तिथे विभागप्रमुख आणि अधिष्ठाता झाल्या, आणि त्याच काळात गायकी अंगाचे, म्हणजे गाण्यासारखे वाजणारे, त्यांचे व्हायोलिन देशभर ऐकले जात होते. गजाननबुवा जोशी गात होते, व्हायोलिन वाजवत होते आणि उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे गायक घडवत होते. पण त्यांच्यासमोर बसणारा विद्यार्थी आणि तुमच्या दिवाणखान्यात पाऊण आकाराचे व्हायोलिन घेऊन बसणारा नऊ वर्षांचा मुलगा यांत फरक आहे. तयार विद्यार्थ्याला शिकवताना गुरूला स्वतःच्या पट्टीचे वाजवावे लागते. नवशिक्याला शिकवताना त्याच्या पट्टीवर उतरावे लागते, आणि रोज चार तास तिथे राहिले की हाताला तीच सवय लागते. म्हणून मी आधी विद्यार्थी मोजणार नाही. तुमचा हात दिवसभर कोणते काम करतो ते मोजेन.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय सांगतो. प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांच्या मुलांना मी वाजवून दाखवणे जवळजवळ बंद केले आहे. मी गाऊन दाखवतो. सा रे ग म असो की छोटा ख्याल असो, आधी मी गातो, मग मूल गाते, आणि मगच गज तारेवर येतो. सुरुवातीला पालकांना हे विचित्र वाटले, कारण त्यांनी गाण्याच्या नव्हे तर व्हायोलिनच्या शिकवणीचे पैसे भरले होते. पण आपल्या व्हायोलिनवर पडदे नसतात, बोट कुठे ठेवायचे हे डोळा सांगू शकत नाही, ते कानालाच ठरवावे लागते. गळ्यातून स्वर निघाला की बोट आपोआप जवळ जाते. पंडित द. के. दातार यांचे वादन ज्यांनी ऐकले आहे त्यांना गाणे आणि वादन यांतले अंतर किती कमी होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. यात मुलांचा फायदा आहेच. शिवाय तुमचा उजवा हात संध्याकाळभर विश्रांती घेतो. वाजवून दाखवायचेच असेल तेव्हा तुमच्या नेहमीच्या आवाजात, पूर्ण गजाने वाजवा आणि मुलांना शांत बसून ऐकू द्या. हळू आवाज ऐकण्यासाठी कान टवकारणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

वाद्ये जुळवण्याबद्दल. मुलांच्या व्हायोलिनवर बहुधा पोलादी तारा असतात. चारही तारांना फाइन ट्यूनर (तार बारीक जुळवण्याचे छोटे स्क्रू) बसवून घ्या, म्हणजे खुंटीला हात लावण्याची वेळ क्वचितच येईल. खुंटी जाम होत असेल तर ती काढून तिच्या घासणाऱ्या भागावर कोरडा साबण हलकेच फिरवावा, सुटत असेल तर खडू. आपण प सा प सा असे जुळवतो, त्यामुळे मुलाला दोनच स्वर ओळखायचे असतात. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाने आपले वाद्य स्वतः जुळवले पाहिजे असा नियम करा. पहिले दोन महिने वीस मिनिटे जातील, ती जाऊ द्या; त्यांत शिकणेच चालू असते.

आता सकाळ. ऑनलाइन तास पहाटेच्या वेळेवर आहेत हे वाचून मला वाईट वाटले. ती वेळ तुमची आहे. त्या मुलांना त्यांच्या शनिवारी सकाळी शिकवता येईल. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ असते, आणि मूलही झोपेला आलेले नसते. मोकळ्या झालेल्या सकाळी पहिली 20 मिनिटे फक्त लांब गज. राग नाही, पलटे नाहीत. मोकळी तार, मग मंद्रातला एकेक स्वर, आणि गज घोडीपासून सारख्याच अंतरावर चालतो आहे की नाही याकडे लक्ष. दाब कमी करत न्या आणि आवाज फाटू लागेल तिथे थांबा. 12 चे 22 व्हायला माझ्या अनुभवाने तीन-चार महिने लागतील. दीड महिन्यात फरक ऐकू येईल.

आणखी एक विनंती. तुम्ही तंबोरा कोणता वापरता ते लिहिलेले नाही. मोबाइलवरचा तंबोरा वापरत असाल तर निदान सकाळच्या या वेळेपुरता खरा तंबोरा लावून बसा. तुम्ही तर तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या शेजारी आहात.

उत्तर : दुसरी रांग (दादर, मुंबई)

मंद्रपंचम यांनी हाताबद्दल लिहिले आहे ते मला मान्य आहे. मी पैशांबद्दल लिहितो, आणि माझे मत थोडे वेगळे आहे.

माझी सुरुवात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत झाली, तीही तो काळ संपत आला असताना. एके काळी मुंबईत एका गाण्यासाठी डझनावारी व्हायोलिनवादक बसत. सिंथेसायझर आला, नंतर संगणकात साठवलेले वाद्यांचे आवाज आले, आणि आज पुष्कळदा एकच वादक तोच तुकडा आठ-दहा वेळा वाजवून देतो व त्याचा समूह तयार होतो. माझ्याबरोबरच्या ज्या वादकांनी ‘आपण कलावंत, शिकवण्या कशाला’ असे म्हटले त्यांना पुढे मिळेल ते काम घ्यावे लागले. मी आठवड्याला 14 तास शिकवत राहिलो म्हणून मला काही कामे नाकारता आली. म्हणून विद्यार्थी कमी करून ती तूट कार्यक्रमांतून भरून काढण्याचा विचार असेल तर तो करू नये असे मी आग्रहाने सांगेन. गणपती ते दिवाळी हा काळ भरलेला असतो, पण मधल्या पितृपंधरवड्यात एकही फोन येत नाही, आणि जून-जुलैमध्ये तर महिनेच्या महिने कोरडे जातात. घरखर्च कार्यक्रमांवर टाकला की रियाजाचा हेतूच बदलतो. आपण मागणी असलेली 20 गाणी घोटत बसतो. शुद्ध कल्याणाची मींड त्यांत येत नाही.

शिकवणे आणि साथ ही दुय्यम दर्जाची कामे आहेत असे मात्र कोणी समजू नये. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला साथ केली, संगीत संयोजन केले, स्वतः चाली दिल्या, आणि तरी त्यांचे नाव निघाले की लोकांना ‘गाणारे व्हायोलिन’च आठवते. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित होत होते. दर आठवड्याला नवे गाणे, तेही मोजक्या तालमींत, या कामाने वादकाचा हात किती तयार होत असेल याचा विचार करा. साथीतही रियाज होतो, पण तो ऐकण्याचा रियाज असतो. गायिकेने घेतलेली जागा पुढच्याच क्षणी आपल्या तारेवर उमटायला हवी असते.

तुमच्या 12-15 कार्यक्रमांकडे एकदा निवडीच्या नजरेने पाहा. मी तीन प्रश्न विचारतो : या कार्यक्रमातून मी काही नवे वाजवणार आहे का, मानधन माझ्या दोन दिवसांच्या शिकवण्या बुडाल्या तरी परवडेल असे आहे का, आणि समोरचे लोक ऐकायला येणार आहेत का? तिन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले तर नम्रपणे नकार द्यावा. स्वागतसमारंभात तीन तास जेवणाऱ्या पाहुण्यांच्या मागे वाजवण्याचे काम मी याच कसोटीवर बंद केले. तिथे आवाज वर काढण्यासाठी जो गज दाबला जातो, तो तुमच्या शिकवणीतल्या गजाचाच भाऊ आहे.

व्यवहाराचे एक-दोन मुद्दे. निम्मे मानधन तारीख ठरतानाच घ्यावे आणि ध्वनियोजना काय असेल ते आधी विचारावे. व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचा स्वतःचा मायक्रोफोन असल्यास उत्तम. मोठ्या संस्था मानधनातून 10 टक्के कर कापून देतात. पुष्कळ कलावंत ते पैसे गेलेच असे धरून चालतात, पण एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेत येत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. माझ्या पहिल्या सहा वर्षांचे असे पैसे मी कधी मागितलेच नाहीत. त्या रकमेत एक चांगला गज आला असता.

उत्तर : माडाखाली (मडगाव, गोवा)

मी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे शुद्ध कल्याणाबद्दल मला अधिकार नाही, पण शुल्काच्या प्रश्नावर लिहिण्याजोगे आहे.

माझे विद्यार्थी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांना बसतात. त्यांचे वर्ष परीक्षेच्या सत्रांनी बांधलेले असल्यामुळे मलाही वर्षाचाच हिशेब करावा लागला. मी महिना मोजत नाही. वर्षाचे 52 आठवडे असतात. मी 42 आठवडे शिकवीन असे जूनमध्येच लिहून देतो. उरलेल्या 10 आठवड्यांत मे महिन्याची सुटी, गणेशचतुर्थी, नाताळ, माझे कार्यक्रम आणि माझे आजारपण हे सगळे येते. आठवड्याला दोन तासिका धरल्या तर वर्षाच्या 84 होतात. एका तासिकेचे जे शुल्क योग्य वाटते त्याने 84 ला गुणावे आणि 12 सारखे हप्ते करावेत. तुमच्या बाबतीत तासिकेला 200 रुपये धरले तर वर्षाचे 16,800 होतात आणि हप्ता 1,400 रुपयांचा येतो. मे महिन्यातही तोच हप्ता येतो, कारण तो त्या महिन्याच्या तासांचा नसून वर्षाचा असतो. मूल आले नाही तर तासिका गेली. मी आलो नाही तर ती भरून देतो. पहिल्या वर्षी दोन पालक नाराज होऊन गेले. नंतर एकदाही घासाघीस झालेली नाही.

आता थोडे विषयाच्या कडेला. मला ज्यांनी शिकवले ते चर्चचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि ते शिकवणारा मेस्तच रविवारी मिस्साला वाजवी, गायकवृंद सांभाळी, वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असेल तेव्हाही व्हायोलिन घेऊन उभा राही. सकाळी शिकवलेली ओळ संध्याकाळी त्याच मुलांना घेऊन लोकांसमोर वाजवायची. ‘मी शिक्षक की कलावंत’ हा प्रश्न माझ्या मेस्तांना कधी पडला असेल असे मला वाटत नाही, कारण त्यांची ही दोन कामे एकाच दिवसात एकमेकांत मिसळलेली होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईला चित्रपटसंगीतात गेले; तेही तिथे वाजवत आणि शिकवत, आणि प्यारेलाल व राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

हे सांगण्याचे कारण असे की तुमचे विद्यार्थी तुम्हाला कार्यक्रमात ऐकतात का, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. मी वर्षातून दोनदा माझ्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर 40 मिनिटे एकटा वाजवतो. त्या तारखेला पळवाट नसते. व्यासपीठावरच्या श्रोत्यांपेक्षा मला या मुलांची धास्ती अधिक वाटते, कारण ‘गज सरळ’ हे मी त्यांना रोज सांगत असतो आणि त्या 40 मिनिटांत 25 मुले माझ्याच गजाकडे पाहत असतात.

उत्तर : ओसरीवरचा पालक (कोल्हापूर)

मी वादक नाही. माझी मुलगी सहा वर्षे व्हायोलिन शिकते आहे. आम्ही तिला दहावीच्या वाढीव गुणांसाठी घातले होते हे प्रामाणिकपणे सांगतो. गुण मिळाले, आणि ती पुढेही शिकते आहे.

दोन गोष्टी पालकाच्या बाजूने लिहितो. शुल्क वाढवणार असाल किंवा पद्धत बदलणार असाल तर ते एप्रिलमध्ये लेखी सांगा आणि कारणही लिहा. आमच्या बाईंनी एका वर्षी फक्त रक्कम कळवली, तेव्हा आम्हा पालकांत कुजबुज झाली. पुढच्या वर्षी त्यांनी ‘माझ्या रियाजासाठी मी शुक्रवार मोकळा ठेवत आहे’ असे लिहिले, तेव्हा कोणीही काही बोलले नाही. दुसरे म्हणजे, विद्यार्थी कमी करायचे झाल्यास कृपया मागे पडणाऱ्या मुलांना काढू नका. माझी मुलगी पहिली दोन वर्षे वर्गात सर्वांत मागे होती. नवे प्रवेश थांबवा. दहावीनंतर दरवर्षी काही मुले आपणहून थांबतात, संख्या खाली येतेच.

आम्ही एकदा चुकून वीस मिनिटे लवकर पोहोचलो होतो. दार उघडे होते आणि बाई आत वाजवत होत्या. मुलगी पायरीवरच बसली आणि मला बेल वाजवू देईना. तुमच्या वेळापत्रकात तासाआधीची अशी वीस मिनिटे ठेवता आली तर पाहा.

शुद्धकल्याणी (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लावले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

ऑनलाइन तास शनिवारी संध्याकाळी हलवले. दोन्ही कुटुंबांनी एका दिवसात होकार दिला, आणि त्यांनाही शाळेच्या रात्री जागणे जड जात होते असे तेव्हा कळले. हा प्रश्न मी दोन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

हिशेब असा मांडला आहे. सहा तासिकांची एक संध्याकाळ धरली तर चार संध्याकाळींत 24 तासिका होतात, म्हणजे आठवड्याला दोनदा येणाऱ्या 12 जोड्या, 24 विद्यार्थी. त्यांचे 1,400 प्रमाणे महिन्याला 33,600 रुपये होतात. ही रक्कम आज कागदावर असलेल्या रकमेपेक्षा कमी आहे, पण आज प्रत्यक्ष हातात येणाऱ्या रकमेपेक्षा अधिक आहे, आणि शुक्रवार पूर्ण मोकळा मिळतो. हे इतके सरळ गणित मी 11 वर्षांत एकदाही केले नव्हते, कारण विद्यार्थी गमावण्याच्या भीतीने मी नेहमी फक्त संख्येकडे पाहिले. कोणालाही काढणार नाही. नवे प्रवेश बंद केले आहेत. या वर्षी पाच मुले दहावीला आहेत, त्यामुळे 24 वर यायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागेल, तोपर्यंत शनिवारी ऑनलाइन तासांच्या आधी दोन जोड्या घेईन. 42 आठवड्यांचे पत्रक तयार आहे आणि त्यात नवरात्राचे नऊ दिवस व दिवाळी पहाटेचा आठवडा तारखांसह लिहिला आहे. दादरच्या सरांचे म्हणणे मी मनावर घेतले आहे. घरखर्चाच्या हिशेबात कार्यक्रमांचा एक रुपयाही धरलेला नाही.

गाऊन शिकवणे सर्वांत अवघड गेले. माझा गळा तयार नाही आणि पहिल्या आठवड्यात मला मुलांसमोर संकोच वाटत होता. पण एक गोष्ट लगेच दिसली. भूपाचा ‘ग प ध सां’ एका मुलाकडून महिनाभर बेसूर येत होता. त्याचा धैवत मी दर वेळी वाजवून दाखवत होते आणि तो माझ्या बोटाकडे पाहून त्याच जागी स्वतःचे बोट ठेवायचा प्रयत्न करत होता. त्याचे व्हायोलिन माझ्यापेक्षा लहान आहे, तेव्हा ती जागा त्याच्यासाठी चुकीचीच असणार. गायला लावल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बोट खाली सरकवले आणि माझ्याकडे न पाहता पुढे वाजवत राहिला. आता संध्याकाळी साडेआठला माझा उजवा खांदा दुखत नाही.

फाइन ट्यूनर बसवले. मोठी मुले छोट्यांची वाद्ये जुळवून देतात, त्यात अजून गोंधळ होतो, पण माझी दहा मिनिटे वाचतात.

सकाळचा लांब गज रोज चालू आहे, दोन दिवस खंड पडला. काल 16 सेकंद झाले. सोळाव्या सेकंदाला गजाच्या टोकाशी आवाज पातळ होतो, तो का होतो हे आता कळू लागले आहे : तिथे पोहोचण्याआधीच माझे मनगट परतण्याच्या तयारीला लागते. मडगावच्या सरांच्या सूचनेप्रमाणे विद्यार्थ्यांसमोर वाजवण्यासाठी जानेवारीतला रविवार ठरवला आहे आणि राग शुद्ध कल्याणच ठेवला आहे.

मंद्रपंचम सर, तुमचा अंदाज बरोबर होता, मी मोबाइलवरचाच तंबोरा वापरत होते. माझ्या गुरुजींचा तंबोरा चार वर्षे कपाटावर गवसणीत पडून होता, त्याची जवारी (तारेचा घुमारा देणारी घोडीची घडण) पार गेली आहे. येत्या रविवारी तो मिरजेला घेऊन जाणार आहे.